रिमोट डेस्कटॉपवर अक्षरं लहानमोठी का दिसतात आणि ती ताळ्यावर कशी आणायची

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक्सेलची शीट उघडी ठेवून तुम्ही घरी येता, लॅपटॉपवरून तोच कॉम्प्युटर रिमोटने जोडता आणि तीच शीट नाक पडद्याला लावून वाचावी लागते. नाहीतर उलटं घडतं. घरी सगळं ठीक असतं, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात खुर्चीत बसलं की मेनू अवाढव्य झालेले असतात, एखादी खिडकी धूसर दिसते आणि ‘ओके’चं बटण पडद्याच्या खाली गेलेलं असतं.

अशा वेळी माणूस हाताला लागेल ते फिरवतो. कोणी रेझोल्यूशन खाली आणतं, कोणी एक्सेलचा झूम एकशेतीसवर नेतं, कोणी फॉन्टच बदलून टाकतं. आठवड्याभरात तीन ठिकाणी तीन बदल होतात आणि मूळ दुखणं कुठे होतं हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून इथे क्रमाला महत्त्व आहे. आधी नेमकं काय बिघडलंय ते ओळखायचं, मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

हा लेख मुख्यतः विंडोज 10, विंडोज 11 आणि विंडोज सर्व्हर 2016 पासून पुढच्या आवृत्त्यांसाठी आहे. जोडणी विंडोजच्या स्वतःच्या ‘रिमोट डेस्कटॉप कनेक्शन’ने होते असं गृहीत धरलंय. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, मॅक आणि लिनक्स यांच्याबद्दल शेवटी थोडं आहे. आज्ञा आणि सेटिंग्जची नावं मी नागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची.

थोडा हिशेब

स्केल म्हणजे मजकूर आणि आयकॉन किती टक्के मोठे काढायचे याचं विंडोजमधलं माप. विंडोजच्या लेखी शंभर टक्के स्केल म्हणजे इंचाला 96 पिक्सेल. पॉइंट हे माप इंचाचा बहात्तरावा भाग असल्यामुळे 12 पॉइंटचं अक्षर 100 टक्क्यांना 16 पिक्सेलचं होतं. 125 टक्के म्हणजे इंचाला 120 पिक्सेल आणि 150 टक्के म्हणजे 144. तेच 12 पॉइंटचं अक्षर 150 टक्क्यांना 24 पिक्सेलचं होतं. फाइलमध्ये काहीही बदललेलं नसतं, फॉन्टचा आकडा दोन्हीकडे बाराच दिसतो.

आता पडदे बघा. 24 इंची फुल एचडी मॉनिटरवर एका इंचात साधारण 92 पिक्सेल बसतात. 14 इंची फुल एचडी लॅपटॉपवर तेवढ्याच इंचात 157. म्हणजे 16 पिक्सेलचं अक्षर मॉनिटरवर जेवढं दिसतं, त्याच्या साठ टक्क्यांहूनही थोडं कमी लॅपटॉपवर दिसणार. म्हणूनच लॅपटॉपवर विंडोज बहुतेक वेळा आपणहून 125 किंवा 150 टक्के स्केल लावून देतं.

रिमोटमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. अक्षर काढण्याचं काम पलीकडच्या कॉम्प्युटरवर होतं, आपल्या पडद्यावर येतं ते तयार चित्र. मग पलीकडच्या विंडोजने किती टक्क्यांनी अक्षर काढायचं हे कोण ठरवतं? विंडोज 8.1 आणि सर्व्हर 2012 आर2 पासून जोडणारा कॉम्प्युटर जोडणी होतानाच आपलं स्केल कळवतो आणि पलीकडचं सेशन, म्हणजे साइन इनपासून साइन आउटपर्यंत तिथे चालू असलेलं तुमचं काम, ते स्वीकारतं. त्यामुळे ऑफिसच्या मॉनिटरवर तुम्ही हौसेने लावलेले 110 टक्के रिमोटमध्ये लागू होत नाहीत. घरच्या लॅपटॉपचे 150 टक्के लागू होतात. निदान व्हायला हवेत.

पहिली पायरी: दुखणं कोणतं ते ओळखा

रिमोट सेशनमध्ये नोटपॅड, फाइल एक्सप्लोरर आणि तुमचा रोजचा प्रोग्राम असं तिन्ही उघडून बघा.

तिन्हींतली अक्षरं लहान पण रेखीव असतील, तर पलीकडच्या सेशनला तुमचं स्केल मिळालेलंच नाही. सगळा पडदाच सारखा धूसर असेल, आयकॉनसकट, तर चित्र ताणलं जातंय. एक्सप्लोरर ठीक आणि एकच प्रोग्राम धूसर किंवा बेढब असेल, तर तो प्रोग्राम जुन्या वळणाचा आहे किंवा सेशन शिळं आहे. इंग्रजी ठीक दिसतंय आणि फक्त मराठी मजकूर लहान किंवा वेगळा दिसतोय असं असेल, तर प्रश्न फॉन्टचा आहे, स्केलचा नाही.

त्याआधी एक क्षुल्लक शक्यता काढून टाका. रिमोटमध्ये स्क्रोल करताना कंट्रोल की दाबलेली राहिली तर ब्राउझर, वर्ड, एक्सेल आणि नोटपॅडही झूम बदलतात. ब्राउझरमध्ये आणि नोटपॅडमध्ये कंट्रोल आणि शून्य एकत्र दाबा, वर्ड-एक्सेलमध्ये खाली उजवीकडचा झूमचा आकडा 100 वर आणा. हसू नका, मदतीसाठी येणाऱ्या फोनांपैकी बरेच इथेच संपतात.

मग दोन्हीकडचं स्केल लिहून ठेवा. लॅपटॉपवर सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले या वाटेने जाऊन स्केलचा आकडा बघा. रिमोट सेशनमध्येही तेच पान उघडा. तिथे स्केलचा रकाना करडा दिसेल आणि रिमोट सेशनमधून डिस्प्ले सेटिंग्ज बदलता येत नाहीत असा निरोप असेल. यात बिघाड काही नाही, आकडा जोडणाऱ्याकडून येतो म्हणून ते कुलूप आहे.

दुसरी पायरी: साइन आउट करा, नुसतं बंद नको

माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ इथे असतं आणि उपायांच्या यादीत नेमकी हीच गोष्ट शेवटी सांगितली जाते.

रिमोटच्या खिडकीवरची फुली दाबली की सेशन संपत नाही, फक्त तुटतं. पलीकडे तुमचे सगळे प्रोग्राम चालूच राहतात. सोयीचं आहे खरं, पण त्याची किंमत अशी की ते प्रोग्राम ज्या स्केलवर सुरू झाले ते डोक्यात धरून बसतात.

विंडोजच्या दृष्टीने प्रोग्रामचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकाराला स्केल माहीतच नसतं. तो नेहमी 96 च्या हिशेबाने रेखाटतो आणि विंडोज ते चित्र ताणून मोठं करतं, म्हणून तो धूसर दिसतो. दुसरा प्रकार साइन इन करतानाचं स्केल एकदाच विचारतो आणि मग सेशन संपेपर्यंत तेच धरून राहतो. तिसरा प्रकार पडदा बदलला की स्वतःला नव्याने बेतून घेतो. एक्सप्लोरर, आजचे ब्राउझर वगैरे या तिसऱ्यात येतात. हिशेबाची, हजेरीची, टेंडरची जी जुनी सॉफ्टवेअर ऑफिसांत वर्षानुवर्षं चालतात ती बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारातली असतात.

समजा, सकाळी ऑफिसात 100 टक्क्यांवर साइन इन केलं आणि संध्याकाळी घरून 150 टक्क्यांच्या लॅपटॉपवरून तेच सेशन पुन्हा जोडलं. तिसऱ्या प्रकारातले प्रोग्राम मोठे होतील. दुसऱ्या प्रकारातले 100 टक्क्यांवरच अडकतील आणि विंडोज त्यांना ताणेल. एकाच पडद्यावर दोन मापांची अक्षरं दिसतात ती अशी.

कोणता प्रोग्राम कोणत्या प्रकारातला हे बघायचं असेल तर टास्क मॅनेजर उघडा, डिटेल्समध्ये जा, रकान्यांच्या शीर्षकावर राइट क्लिक करून ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून ‘डीपीआय अवेअरनेस’ हा रकाना चालू करा (डीपीआय म्हणजे इंचाला किती पिक्सेल ते माप). ‘अनअवेअर’ म्हणजे पहिला प्रकार, ‘सिस्टम’ म्हणजे दुसरा, ‘पर-मॉनिटर’ म्हणजे तिसरा.

उपाय सोपा आहे. काम सेव्ह करा, रिमोटच्या आत स्टार्ट मेनू उघडून स्वतःच्या नावावर क्लिक करा, साइन आउट निवडा आणि मग पुन्हा जोडा. रोज रात्री घरून काम करणाऱ्यांनी ऑफिसमधून निघतानाही साइन आउट करायची सवय लावून घ्यावी. पण पलीकडे रात्रभर चालणारा रिपोर्ट किंवा बॅकअप असेल तर साइन आउट केल्यावर तोही बंद पडतो, हे विसरू नका. अशा वेळी अडकलेला एकच प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडून बघावा. तेवढ्याने काही वेळा भागतं, पण दुसऱ्या प्रकारातल्या प्रोग्रामांना बहुधा साइन आउटच लागतं.

साइन आउटनंतर सगळं जागेवर आलं असेल तर पुढे काही करायची गरज नाही.

तिसरी पायरी: जोडणीची खिडकी तपासा

विंडोज की आणि आर दाबून ‘एमएसटीएससी’ टाइप करा. खिडकी उघडली की ‘शो ऑप्शन्स’वर क्लिक करा.

‘डिस्प्ले’ टॅबमधली पट्टी पूर्ण उजवीकडे, ‘फुल स्क्रीन’वर न्या. खूप ठिकाणी कोणीतरी जुन्या लॅपटॉपवरून बनवलेली जोडणीची फाइल वर्षानुवर्षं मेलने फिरत असते आणि तिच्यात 1366 बाय 768 असं माप कोरलेलं असतं. तेवढंच चित्र मोठ्या पडद्यावर ताणलं गेलं की अक्षर मोठं आणि फुगीर दिसणारच. ‘जनरल’ टॅबमधून नवी फाइल सेव्ह करा आणि जुनी फेकून द्या.

चित्र ताणणाऱ्या सोयीचं नाव ‘स्मार्ट सायझिंग’. रिमोटची खिडकी फुल स्क्रीनमधून लहान करून तिच्या वरच्या पट्टीवर राइट क्लिक केलं की ती सापडते. खूण असेल तर काढा. पलीकडचा पडदा मोठा आणि आपला लहान असेल तेव्हा सगळं एका नजरेत दिसावं म्हणून ती बरी असते, पण वाचायच्या कामाला ती नको.

त्याच मेनूत ‘झूम’ही आहे. पलीकडे विंडोज 7 किंवा सर्व्हर 2008 आर2 च्या काळातलं मशीन असेल, तर ते तुमचं स्केल चालू सेशनमध्ये नीट घेत नाही आणि 4के पडद्यावर अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात. तिथे झूम 150 किंवा 200 वर न्या. 200 ला चित्र बऱ्यापैकी स्वच्छ येतं, कारण प्रत्येक पिक्सेलचे नेमके चार होतात. 125 आणि 150 ला कडा थोड्या मऊ पडतात. या दुखण्यावर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात, बदल करून एमएसटीएससीच्या शेजारी मॅनिफेस्ट फाइल ठेवायचा एक जुना उपायही फिरत असतो. झूमची सोय नव्हती तेव्हा तो ठीक होता. आज तो करू नका, आणि कोणी करून ठेवला असेल तर आधी काढा, कारण त्याच्यामुळे नव्या मशीनशी जोडतानाही चित्र धूसर येतं.

आता ‘एक्स्पीरियन्स’ टॅब. इथे ‘फॉन्ट स्मूदिंग’ची, म्हणजे अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणाऱ्या सोयीची, खूण असायला हवी. वेग ‘मोडेम’ किंवा कमी ब्रॉडबँड असा निवडलेला असेल तर ती निघून गेलेली असते. स्मूदिंग नसलं की अक्षराची उंची तीच राहते, पण रेघा एका पिक्सेलच्या होतात आणि डोळ्याला अक्षर लहान वाटतं. इंग्रजीत हे एक वेळ चालून जातं. मराठीत रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरं यांचा चिखल होतो. ‘र्थ’ आणि ‘र्य’ ओळखण्यात वेळ जातो. जोडणी अगदीच रडतखडत चालत असेल तर डेस्कटॉपचं चित्र आणि अॅनिमेशन बंद करा, स्मूदिंगला हात लावू नका.

दोन पडदे असतील आणि दोघांचं स्केल वेगळं असेल, तर ‘यूज ऑल माय मॉनिटर्स’ची खूण तूर्त काढा आणि एकाच पडद्यावर जोडून बघा. त्याने प्रश्न सुटला तर लॅपटॉप आणि बाहेरचा मॉनिटर या दोघांचं स्केल जमेल तितकं जवळ आणा.

चौथी पायरी: एखादाच प्रोग्राम हट्टी असेल तर

हे बदल पलीकडच्या कॉम्प्युटरवर करायचे आहेत, आपल्या नाही. त्या प्रोग्रामच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, मग ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’. खालच्या चौकटीत खूण केली की तीन पर्याय मिळतात. ‘सिस्टम एन्हान्स्ड’ आधी करून बघा, साध्या खिडक्यांच्या जुन्या प्रोग्रामांत त्याने मजकूर चांगला रेखीव होतो. खिडकीतले रकाने एकमेकांवर चढायला लागले तर ‘सिस्टम’ निवडा. धूसर राहील, पण मांडणी शाबूत राहील. मापं जुळवायच्या नादात बटणं गायब होण्यापेक्षा थोडं धूसर परवडलं.

ऑफिस पॅकेजसाठी वेगळी सोय आहे. वर्ड किंवा एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये जनरल या भागात एकापेक्षा जास्त पडदे वापरताना काय करायचं असा प्रश्न असतो. तिथे ‘ऑप्टिमाइझ फॉर कंपॅटिबिलिटी’ निवडून प्रोग्राम बंद करून उघडा.

एक्सेलबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. त्यातल्या रकान्याची रुंदी मूळ फॉन्टच्या अंकाच्या रुंदीवर ठरते आणि ती पूर्ण पिक्सेलमध्ये मोजली जाते. स्केल बदललं की हा पूर्णांक थोडा इकडे-तिकडे होतो. म्हणून ऑफिसात नीट दिसणाऱ्या रकमा घरून उघडल्यावर कधी कधी हॅशच्या रांगा होतात आणि छापताना शेवटचा रकाना पुढच्या पानावर जातो. यावर सेटिंग नाही. रकाने थोडे सैल ठेवा आणि छपाईसाठी पानाला बसवण्याचा पर्याय निवडा.

पाचवी पायरी: फक्त मराठीच वेगळी दिसत असेल तर

तुमच्या लॅपटॉपवर शंभर मराठी फॉन्ट असले तरी रिमोटमध्ये त्यांचा काही उपयोग नाही. अक्षर पलीकडे काढलं जातं, तेव्हा फॉन्टही पलीकडेच हवा.

विंडोज 10 पासून मंगल हा फॉन्ट प्रत्येक मशीनवर असेलच असं नाही. देवनागरीसाठी निर्मला यूआय हा विंडोजचा नेहमीचा फॉन्ट असतो, तर मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह आणि संस्कृत टेक्स्ट हे ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ नावाच्या जोड-संचात येतात. फाइल मंगलमध्ये केलेली आणि पलीकडे मंगल नाही, तर विंडोज जवळचा दुसरा फॉन्ट लावतं आणि ओळीची उंची, शब्दाची रुंदी सगळंच बदलतं. हे फॉन्ट एका मापाचे नाहीत. कोकिळा आणि अपराजिता यांचं 12 पॉइंटचं अक्षर मंगलच्या 12 पॉइंटपेक्षा ठळकपणे लहान दिसतं.

रिमोट सेशनमध्ये सेटिंग्ज उघडून शोधपट्टीत ‘ऑप्शनल फीचर्स’ टाइप करा, यादीतून हा संच निवडून बसवा. कंपनीच्या मशीनवर अपडेट बाहेरून यायला मज्जाव असेल तर इथे एरर येईल, मग आयटीवाल्यांना सांगावं लागेल. बाहेरून आणलेला फॉन्ट बसवताना फाइलवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युझर्स’ निवडा. नुसत्या इन्स्टॉलने तो तुमच्या एकट्याच्या खात्यापुरता बसतो आणि त्याच सर्व्हरवर काम करणाऱ्या दुसऱ्याला दिसत नाही.

श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाइल असेल तर लक्षणच वेगळं असतं. फॉन्ट पलीकडे नसला की अक्षर लहानमोठं होत नाही, थेट रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. स्केलशी त्याचा संबंध नाही.

सहावी पायरी: मुद्दाम माप ठरवायचं असेल तर

सगळं नीट आहे, पण तुम्हाला रिमोटमध्ये अक्षर थोडं मोठंच हवं आहे, असंही असतं. चाळिशी ओलांडलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, अॅक्सेसिबिलिटी, टेक्स्ट साइझ इथे, तर विंडोज 10 मध्ये ‘ईझ ऑफ अॅक्सेस’च्या डिस्प्ले पानावर एक पट्टी असते. ती 100 पासून 225 टक्क्यांपर्यंत जाते आणि फक्त मजकूर मोठा करते. हा बदल तुमच्या पलीकडच्या खात्यात जमा होतो, म्हणजे ऑफिसात प्रत्यक्ष बसल्यावरही तो लागू असेल. जुने प्रोग्राम त्याला दाद देत नाहीत.

दुसरा मार्ग सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी आहे. जोडणाऱ्याचं स्केल झुगारून द्यायला पलीकडच्या मशीनला सांगता येतं. रजिस्ट्री एडिटरमध्ये ‘एचकी लोकल मशीन’, ‘सिस्टम’, ‘करंटकंट्रोलसेट’, ‘कंट्रोल’, ‘टर्मिनल सर्व्हर’, ‘विनस्टेशन्स’ असं आत जा. आधी ती किल्ली एक्सपोर्ट करून ठेवा. मग नवी 32 बिटची डीवर्ड नोंद करा. तिचं नाव इग्नोअर, क्लायंट, डेस्कटॉप, स्केल, फॅक्टर हे पाच शब्द जागा न सोडता जोडून होतं. किंमत 1 द्या, सगळ्यांना साइन आउट करायला लावा. त्यानंतर सेशनच्या आतूनच स्केल बदलता येतं आणि ते जोडणाऱ्याच्या पडद्यावर अवलंबून राहत नाही.

जिथे सगळेजण एकसारख्या मॉनिटरवरून जोडतात आणि एखादं जुनं सॉफ्टवेअर 100 टक्क्यांखेरीज चालतच नाही, तिथे हा उपाय चांगला. एक जण 14 इंची लॅपटॉपवर आणि दुसरा 27 इंची 4के पडद्यावर असेल, तर मात्र एकाची सोय ही दुसऱ्याची शिक्षा होते. मी तरी हा शेवटचाच उपाय मानतो.

विंडोजखेरीज

मॅकवर पूर्वीचं ‘मायक्रोसॉफ्ट रिमोट डेस्कटॉप’ 2024 पासून ‘विंडोज अॅप’ या नावाने येतं. त्यात जोडणी एडिट करून डिस्प्ले भागात ‘ऑप्टिमाइझ फॉर रेटिना डिस्प्लेज’ची खूण करा. ती नसेल तर चित्र कमी पिक्सेलांत येऊन ताणलं जातं. लिनक्सवर रेमिना या रिमोट जोडणीच्या प्रोग्राममध्ये, त्याच्या प्रेफरन्सेसमधल्या आरडीपी टॅबमध्ये, डेस्कटॉपचं स्केल टक्क्यांत देता येतं, फ्रीआरडीपी या तशाच प्रोग्राममध्येही त्यासाठी वेगळा पर्याय आहे.

एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर यांचा प्रकारच निराळा. तिथे नवं सेशन तयार होत नाही, पलीकडच्या पडद्यावर जे दिसतं त्याचंच चित्र इकडे येतं. त्यामुळे स्केल पलीकडच्या मॉनिटरचं असतं आणि तुमच्या हातात फक्त ते चित्र मूळ मापात बघायचं की खिडकीत बसवायचं एवढंच उरतं. मूळ मापात बघा आणि लहान वाटलं तर पलीकडचं स्केल वाढवा. इथे ते कुलूपबंद नसतं, पण पलीकडे कोणी बसलेलं असेल तर त्यालाही ते मोठं दिसेल, तेव्हा आधी विचारा. व्हीएनसी या पडदा दाखवण्याच्या दुसऱ्या पद्धतीचंही बहुतांश असंच आहे.

एवढं करूनही जमलं नाही आणि आयटी विभागाला कळवायची वेळ आली, तर ‘फॉन्ट बरोबर दिसत नाही’ असं लिहू नका. दोन्हीकडची विंडोजची आवृत्ती, दोन्ही पडद्यांचं रेझोल्यूशन आणि स्केल, अक्षर रेखीव आहे की धूसर, सगळीकडे की एकाच प्रोग्राममध्ये, साइन आउट करून बघितलं का, आणि त्या प्रोग्रामच्या ‘डीपीआय अवेअरनेस’ रकान्यात काय दिसतं, एवढं लिहा. स्क्रीनशॉट देणार असाल तर त्यासोबत मोबाइलने काढलेला पडद्याचा फोटोही जोडा. स्क्रीनशॉट फक्त पिक्सेल दाखवतो, ते तुमच्या डोळ्यांना केवढे दिसतात हे त्यातून कळत नाही.